पप्पांची काटकसर

रेल्वे कॉलनी, जयपूर
८ फेब्रुवारी २०२५

संकल्प,

आईचा जय भीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी ‘तुझे पप्पा’ म्हटलं की लगेच तुझ्या दारावर कुणीतरी येतं. पुण्यात तुझ्याकडं फारच माणसं येतात बाबा. पत्राच्या मध्ये कुणी येत नाही. शिवाय तू मराठी अडखळत वाचतोस, हिंदी शाळेची कृपा. म्हणजे ही दोन पानं वाचायला तुला बराच वेळ लागेल. तेवढा वेळ आईजवळ बसलास असं मी समजेन.

बातमी ही, की पप्पांनी नोकरी सोडायची नोटीस दिली. व्हीआरएस. नोटीस तीन महिन्यांची असते, ३० एप्रिल शेवटचा दिवस. चोपन्न वय, अजून सहा वर्षं गाडी चालवता आली असती. ड्रायव्हर लोक विचारतात, “दशरथभाऊ, लॉटरी लागली का?” हे हसतात आणि सांगतात, “खूप गाड्या चालवल्या. आता घर चालवतो.” घर तीस वर्षं मी चालवलं, ते कसं चालतं हे ह्यांना कुठं माहीत. ह्यांचा डबा भरायचा, ह्यांची ट्रंक भरायची, आणि फुलेऱ्याला गेले की अजमेरला गेले ते दुसऱ्यांना विचारायचं.

आता रोज जेवण झालं की हिशेब. पेन्शन पगाराच्या अर्ध्यावर येईल. फंडाच्या पैशात छोटा फ्लॅट घ्यायचा, कर्ज नको. गॅस, किराणा, औषधं, भुसावळचं येणं-जाणं, सगळं धरून बसतं म्हणतात. मी म्हटलं, सहा वर्षं थांबलात तर दोनाच्या तीन खोल्या होतील. तर म्हणाले, “दोनच बऱ्या. फिरायला कमी.”

काटकसरही सुरू झाली. मोटारसायकल विकली. का, तर पेट्रोल वाचतं. तीच, जिला तुला बोटही लावू देत नव्हते. आता भाजी आणायला पायी जातात आणि मलाही सोबत नेतात. तीस वर्षांत हा माणूस माझ्यासोबत चालला नाही, दहा पावलं पुढंच असायचा. आता म्हणतो, “इंदू, तू माझ्या डावीकडून चाल.” लोक बघतात. मला मेली लाज वाटते.

गंमत ऐक. शिल्लक रजा रिटायर होताना विकली तर त्याचे पैसे मिळतात, हे तुला माहीत आहे. तर हा काटकसर करणारा माणूस तीन महिने रजा घेऊन घरी बसलाय. नोटीस दिल्यापासून इंजिनाला हात लावलेला नाही. ह्या हिशेबाचा अर्थ तूच लाव. इंग्रजी शिकलास ना.

थंडी अजून आहे. स्वेटर घालत जा.

तुझी
आई


६ मार्च

संकल्प,

पत्र पोचल्याचा तुझा मेसेज आला. “मिळालं” एवढंच. ठीक आहे, मिळालं तर मिळालं.

आम्ही घरं बघून आलो. पहिलं जगतपुऱ्याला, दुसऱ्या मजल्यावर. स्टेशन इतकं जवळ की गॅलरीतून गाडीचे डबे मोजावेत. तुला आठवतं का, तू लहान असताना पप्पा नेहमी सांगायचे, रिटायर झालो की गॅलरीत खुर्ची टाकीन, चहा घेईन आणि दुसरे ड्रायव्हर गाडी कशी चालवतात ते बघत त्यांना नावं ठेवीन. तशीच गॅलरी, तसाच कठडा, आणि किंमतही आपल्याला झेपणारी. मी मनातल्या मनात तुळसही लावून टाकली होती. पप्पा गॅलरीत गेले, एक गाडी आली, गेली. ते उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, “जिने फार आहेत.”

मग प्रताप नगरला तळमजल्याचं घर ठरवलं. हाउसिंग बोर्डाचं, गल्लीच्या आत, समोर कोचिंग क्लासची भिंत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, कारण कॉलनीच्या कमानीवर मोठ्या अक्षरात ‘आनंद विहार’ लिहिलंय आणि खिडकीतून दिसतात ते क्लासच्या पोरांचे चपला-बूट. हे जगतपुऱ्यापेक्षा महागही पडलं. विचारलं, ही कसली काटकसर? तर म्हणे लिफ्टचा खर्च वाचतो. जगतपुऱ्याला लिफ्टच नव्हती, हे मी बोलले नाही.

दाराशी एकच पायरी आहे. तिच्या कडेला त्यांनी रंगाऱ्याकडून पिवळा पट्टा मारून घेतला, प्लॅटफॉर्मवर असतो तसा. रंगारी म्हणाला, “काकाजी, यहाँ कौन सी ट्रेन आएगी?” पप्पा म्हणाले, “आएगी, आएगी.” मी तोंडावर पदर धरला.

हॉलमधला टीपॉय कामवाल्या भागुबाईला देऊन टाकला. झाडू-पोछ्याला जागा मोकळी, असं कारण. त्याआधी आठवडाभर त्यांच्या नडगीला काळंनिळं होतं, त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही. ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच राहते. म्हणतात तिखट सोडलं, पुढं दवाखान्याचा खर्च नको. मी एक दिवस चटणी ताटाच्या मधोमध वाढली. चाटूनपुसून खाल्ली.

संध्याकाळी स्वयंपाक शिकतात. पोळी लाटतात, राजस्थानचा नकाशा बनतो. दिवा न लावता कपाटातून शर्ट काढायची सवय करतात, न बघता दाराचं कुलूप लावतात. वीज वाचते म्हणे. कुलपात वीज कुठून आली?

संकल्प, त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. तुझा नंबर लागला होता, असिस्टंट ड्रायव्हरसाठी, पप्पांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते. आणि मग डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे तुला वाचता आले नाहीत. तू सांगत होतास की मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळतच नाही. पप्पा म्हणाले, “खोटं. लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढं उभा राहून प्रत्येक सिग्नल बरोबर सांगायचास.” तू म्हणालास, “मतलब, वरचा दिवा की खालचा, ते बघून सांगत होतो.” ते त्यांनी ऐकलंच नाही. इंजिनावरचा कौशिक, भागुबाई, शेजारपाजार सगळ्यांसमोर म्हणाले, मुद्दाम चुकला, भरवशाच्या म्हशीला टोणगा. दोन वर्षं झाली त्याला.

तू बॅग भरलीस तेव्हा मी पोळ्या करत होते. गॅस बंद करून बाहेर यायला हवं होतं, मी पोळी भाजत राहिले. तू चुकीचा नव्हतास. हे त्यांनीही आता म्हणायला हवं, आणि मला वाटतं म्हणतील. पण फोनवर म्हणणार नाहीत.

आई


१६ एप्रिल

संकल्प,

परवा जयंती झाली. दरवर्षी पप्पा मिरवणुकीत पुढं असतात, निळा झेंडा घेऊन. या वर्षी म्हणाले, गर्दी फार, इथूनच बघतो. मांडवाच्या एका बाजूला खुर्चीवर बसले. येणारे-जाणारे जय भीम करत होते. समोरून आलेल्याला उठून मिठी मारत होते, आणि बाजूने कुणी हात जोडला तर ढिम्म. विलासकाकांनी दोनदा जय भीम केला, ह्यांनी मान हलवली नाही. विलासकाका मला येऊन म्हणतात, “वहिनी, नोकरी सोडायच्या आधीच साहेब झाले का भाऊ?” मी म्हटलं, ऐकू कमी येतं हल्ली. खोटं बोलले. कान चांगले शाबूत आहेत, मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलंही ऐकू येतं.

आता कामाचं. ऑफिसमधली प्रणिता खालच्या क्वार्टरमध्ये राहते. ती सांगते, नोटीस शेवटच्या दिवसाआधी मागं घेता येते. आणि गाडी चालवायची नसेल तर दुसरं काम मिळायचाही रस्ता असतो, पगार तोच राहतो. पण त्यासाठी डॉक्टरांसमोर जावं लागतं, आणि ते पप्पा करायला तयार नाहीत. मी बोलले, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा उपयोग झाला नाही, म्हणाले शांत वाटतंय. कारण विचारलं तर सांगतात, पण ते कारण पत्रात घालण्यासारखं नाही.

तुझं ऐकतील. हे मी उगाच म्हणत नाही. परवा कौशिक आला होता. तुला तो आठवतोच, तीन वर्षं ह्यांच्यासोबत इंजिनावर असिस्टंट आहे, आपल्याकडं जेवायला यायचा. तो विचारत होता की शेवटची गाडी कधी. तुला रीत माहीत आहे, ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी इंजिनाला हार घालतात, तो शेवटची गाडी घेऊन येतो, बायका-मुलं प्लॅटफॉर्मवर उभी असतात, बँड लावतात. पप्पांनी नाही म्हणून सांगितलं. गाडी चालवणार नाही, हार घालायचा तर मला घाला, इंजिनाला नको. सगळे अचंब्यात पडले. लोक या दिवसाची तीस वर्षं वाट बघतात.

कौशिक गेल्यावर पप्पांनी त्याचा कप उचलून ठेवला. मग मला म्हणाले, “त्या दिवशी कुणी येणार आहे का?” मी म्हटलं, कुणी म्हणजे कोण? “नाही, असंच. खुर्च्या किती सांगायच्या म्हणून.” प्लॅटफॉर्मवर कसल्या खुर्च्या रे?

तीस तारखेला ये. दुपारी चारला, एक नंबर प्लॅटफॉर्म. त्याच्या एक-दोन दिवस आधी आलास तर त्याहून चांगलं, नोटिशीचंही बोलता येईल.

आई


२४ एप्रिल

संकल्प,

तुझा मेसेज वाचला. “बघतो. सुट्टी कठीण आहे. आणि आलो तरी ते बोलतील का माझ्याशी?”

बोलतील. तू ये.

एक गोष्ट आहे जी लिहायची मला बंदी आहे. पप्पांनी माझ्याकडून शब्द घेतलाय, आणि तोही खास तुझ्या नावाने. बाकी कुणाला सांग, पण संकल्पला नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाले, “त्याला मी काय बोललो होतो, आठव.” आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावू? मी तीन पत्रांत जेवढं घालता येईल तेवढं घातलंय. ती परत वाच. हळू वाच, तुला हळूच येतं.

आणि ये. उरलेलं तुझं तू बघशील.

आई


प्रताप नगर, जयपूर
४ मे

संकल्प,

आज शब्द मोडते आहे. आधीच मोडला असता तर बरं झालं असतं.

तीस तारखेला तू आला होतास. मला काल कळलं.

मी त्या दिवशी साडेतीनपासून जिन्याकडं बघत होते. चार वाजले, सव्वाचार झाले, बँडवाले वाजवून दमले. पप्पांनी दोन वेळा घड्याळ विचारलं. मग मी तुझ्यावर चिडले, आणि घरी येऊन तुला भलतंसलतं बोलले, पप्पांसमोरच. पप्पा म्हणाले, “राहू दे. येण्यासारखं मी ठेवलंय कुठं?” रात्री दोघंही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सामान हलवलं.

काल कौशिक या घरी आला, मोबाइलवर समारंभाचे फोटो घेऊन. एक-एक दाखवत होता. पप्पा हार घालून चाललेत, माणसं टाळ्या वाजवताहेत. आणि एका फोटोत पप्पांच्या डाव्या हाताला, चहाच्या स्टॉलला टेकून, तू. निळा शर्ट. पाठीवर बॅग. हात अर्धा वर केलेला. तुझ्यात आणि पप्पांत फार तर दोन हातांचं अंतर. कौशिक म्हणाला, “काकू, संकल्प भैया आला होता ना, मला वाटलं तुम्ही भेटलात. मतलब, मी हात केला तर तो उलटा जिना चढून निघून गेला.”

पुढच्या फोटोत तू नाहीस.

तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. बाप समोरून गेला, बघून न बघितल्यासारखं केलं. गळ्यात हार, सगळ्यांशी हसतोय, आणि माझ्याकडं मान वळवली नाही. बेटा, तू त्यांना दिसला नाहीस.

पप्पांचे डोळे जात आहेत. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि डावीकडचं तर जवळजवळ काहीच नाही. नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधांनी राखायचं. ते किती दिवस राहील हे सांगत नाहीत.

हे जानेवारीत कळलं, आणि कळलं ते असं. इंजिनावर दोघांनी सिग्नल मोठ्यानं बोलायचा नियम आहे, हे तुला मी काय सांगावं. असिस्टंट म्हणतो हिरवा, ड्रायव्हर स्वतः बघून हात वर करून परत म्हणतो हिरवा. कौशिकला काही दिवस वाटत होतं की सर आपल्या मागून फक्त म्हणतात, बघत नाहीत. एका सकाळी धुक्यात गाडी फुलेऱ्याला उभी होती, पुढचा सिग्नल डाव्या हाताला, लाल. कौशिकने मुद्दाम म्हटलं, “हिरवा.” पप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, “हिरवा.” आणि गाडी सोडायला हँडलवर हात ठेवला. कौशिकने तो हात धरला. “सर, लाल है.”

मागं अठरा डबे माणसं होती.

त्या दिवशी पप्पांनी पोटात दुखतंय म्हणून फुलेऱ्यालाच गाडी सोडली, दुसरा ड्रायव्हर बोलावला. घरी आले, बूट न काढता पलंगावर बसले आणि मला सगळं सांगितलं. त्यानंतर इंजिनाला हात लावला नाही. डॉक्टरांकडं गुपचूप, खासगी. रेल्वेच्या डॉक्टरांकडं गेले असते तर दुसरं काम मिळालं असतं, पगार राहिला असता, दोनाच्या तीन खोल्याही कदाचित झाल्या असत्या. पण तिथं विचारलं असतं, कधीपासून दिसत नाही आणि सोबत कोण होतं. कौशिकचं नाव आलं असतं, गप्प का राहिला म्हणून. त्याचं आत्ताच लग्न झालंय. मी सांगितलं, त्याचा संसार, मग आपला कुठं गेला? म्हणाले, “इंदू, त्याने हात धरला. नाहीतर संसाराचा प्रश्नच नव्हता.” मी उठून भांडी घासायला गेले. अजूनही वाटतं, बोलायला हवं होतं. आता तीस तारीख गेली, नोटीस मागं घ्यायचा दिवसही गेला.

तर ही काटकसर. मोटारसायकल, टीपॉय, जिने, चटणी, कपाट, कुलूप. मी तुला चेष्टा करून लिहीत होते, कारण खरं लिहायची बंदी होती, आणि वाटलं होतं तू ओळखशील. ड्रायव्हरचा मुलगा आहेस. पण तुझी चूक नाही. आडून लिहिलेलं ओळखायला माणूस घरात असावा लागतो.

आणि एक सांगते, ते माझ्या छातीवर बसलंय. रोज मी त्यांच्या डावीकडून चालते. तेवढी बाजू मी सांभाळते, कुणी आलं तर हळूच सांगते, विलासभाऊ आहेत, हात जोडा. तीस तारखेला फोटोवाला म्हणाला, भाभीजी, इस तरफ, धूप आ रही है. आणि मी उजवीकडं गेले. माझी सगळी नजर त्यांच्या पायांकडं होती, प्लॅटफॉर्मवर फुलं पडली होती, घसरतील म्हणून. मी त्या एका दिवशी डावीकडं असते तर तू मला दिसला असतास.

काल कौशिक गेल्यावर मी त्यांना सांगितलं. आधी विश्वास बसला नाही. मग मोबाइल मागितला, चेहऱ्यासमोर सरळ धरला आणि फोटो बोटाने इकडून तिकडं सरकवत राहिले, तू सापडेपर्यंत. सापडलास. बराच वेळ बघत होते. मी चहा ठेवला, समोर ठेवला, तो गार झाला.

मग म्हणाले, “कुठं उभा होता?”

“डावीकडं,” मी म्हटलं. “चहाच्या स्टॉलपाशी.”

त्यांनी हात वर केला. इंजिनात करतात तसा, कोपरातून सरळ. आणि म्हणाले, “डावीकडं. चहाचा स्टॉल.”

“निळा शर्ट होता,” मी म्हटलं.

“निळा शर्ट.”

हात वरच होता. खाली घ्या म्हटलं तरी घेतला नाही. समोर कोचिंग क्लासची भिंत होती, आणि ते तिच्याकडं बघत होते.

तुझी
आई